कुकची मरणं एकापुढे एक जोडू नका

प्रश्न: आमच्या शहरात एक लहानसं चित्रपट मंडळ आहे. गेल्या महिन्यात ‘द माल्टीज फाल्कन’ दाखवला. नंतरच्या गप्पांत नायक हम्फ्री बोगार्टपेक्षा जास्त विषय निघाला तो अंगापेक्षा मोठा ओव्हरकोट घातलेल्या त्या पोरसवदा बंदूकधाऱ्याचा. तो एलायशा कुक ज्युनियर, एवढं शोधून काढलं आणि उत्साहाच्या भरात त्याच्यावर दीड तासाचा कार्यक्रम करायचं कबूल करून बसलो. त्याच्या चित्रपटांची यादी पाहून डोकं गरगरलं. शेवटी तो ज्या ज्या चित्रपटात मरतो, तेवढे तुकडे काढून वीस मिनिटांची एक फीत तयार केली. लोकांना मजा येईल असं वाटतं. पण एक ज्येष्ठ सभासद ती बघून म्हणाले, “यात कुक कुठे आहे?” काय करावं?

उत्तर: त्या सभासदांना आधी चहा पाजा. त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. फीत पुसून टाकू नका, पण कार्यक्रमात ती नको. लोक हसतील हे खरं, आणि अडचण तीच आहे. तिसऱ्या-चौथ्या मरणानंतर प्रेक्षक माणूस बघायचं सोडून आता गोळी की विष, याचा अंदाज बांधत बसतो. मग दीड तास तुम्ही काहीही बोललात तरी त्याच्या लेखी कुक म्हणजे एक गंमत.

पडद्यावरच्या मरणात नटाचा वाटा पुष्कळदा सगळ्यांत कमी असतो. ‘शेन’ (१९५३) घ्या. कुक त्यात टॉरी या तापट शेतकऱ्याच्या भूमिकेत आहे आणि जॅक पॅलन्सचा भाडोत्री बंदूकबाज विल्सन त्याला गोळी घालतो. तो क्षण अजूनही दचकवतो, कारण दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्सने कुकच्या अंगाला तार बांधून त्याला गोळीसरशी मागे खेचून घेतलं. तोवरच्या वेस्टर्नमध्ये गोळी लागलेला माणूस छाती धरून जागच्या जागी कोसळायचा; इथे तो चिखलात उलटा फेकला जातो. शिवाय बंदुकीचा आवाज मुद्दाम कानठळ्या बसतील एवढा मोठा ठेवला आहे. थोडक्यात, तुमच्या फितीतला तो तुकडा म्हणजे तार, चिखल आणि ध्वनिमुद्रण. कुकचं काम त्याच्या आधी होऊन गेलेलं असतं.

ते बघायचं तर तुकडा टॉरी आणि त्याचा शेजारी शेतकरी शिपस्टेड घोड्यावरून गावात शिरतात तिथून लावा. विल्सन लाकडी फळ्यांच्या कोरड्या ओट्यावर उभा, टॉरी खाली चिखलात. विल्सन ओट्यावरून त्याच्या बरोबरीने चालतो आणि वर चढायची वाट अडवून धरतो. टॉरी दक्षिणेकडचा, अलाबामाचा, अमेरिकन यादवी युद्धात हरलेल्या बाजूचा. ‘स्टोनवॉल’ हे टोपणनाव तो अभिमानाने मिरवतो. विल्सन नेमकं तेच उकरतो, स्टोनवॉल जॅक्सन आणि जनरल ली या दक्षिणेच्या सेनापतींना शिव्या देतो आणि बोलता बोलता हातमोजा चढवतो. आता कुकचे पाय बघायला सांगा. घसरड्या चिखलात तो तोल सांभाळतोय. आपण फसलोय हे त्याला कळलंय, माघार घ्यावीशीही वाटतेय, पण चारचौघांत केलेल्या बढाया आता त्याला मागे फिरू देत नाहीत. त्याचं पिस्तूल म्यानातून अर्धवट बाहेर येतं आणि तो थबकतो. विल्सनही क्षणभर थांबतो. तो थांबलेला क्षण म्हणजे कुक. शिपस्टेड प्रेत ओढत नेऊ लागला की तुकडा बंद करा. दफनाचा प्रसंग सुंदर आहे, पण तो स्टीव्हन्सचा.

तो इतक्यांदा का मरतो, हे कुणी ना कुणी विचारणारच. त्याचं उत्तर तयार ठेवा. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय चालेल याची नियमावली, कडकपणे लागू झाली आणि तिचा एक नियम असा, की गुन्हा करणाऱ्याला पडद्यावर त्याचं फळ मिळालंच पाहिजे. नायकाने थोडीफार वाकडी वाट धरली तरी तो स्टार. त्याला शेवटच्या रिळापर्यंत जपावं लागतं. मग मधल्या रिळांत हिशेब चुकता करायला एखादा दुबळा साथीदार सापडला की पटकथाकाराचं काम सोपं होतं. कुकचा सडपातळ बांधा, मोठाले डोळे आणि लवकर चिरकणारा आवाज या कामाला अगदी फिट बसले. ‘शेन’मधला टॉरी मात्र गुन्हेगार नाही, हेही सांगा, नाहीतर नियम सांगून तुम्हीच अडकाल.

‘शेन’ धरून एकूण चार प्रसंग पुरे. पाचवा घेतलात तर बोलायला वेळ उरणार नाही. हे प्रसंग कापायचे नाहीत, सलग दाखवायचे. चरित्र अभिनेत्याचा अभिनय समोरच्याचं ऐकण्यात असतो. नुसते त्याचे क्लोजअप काढून जोडले की तो कशाला उत्तर देतोय हेच दिसत नाही. स्टार बोलत असताना कुक काय करतो, तेच तर बघायचंय.

‘फाल्कन’ सगळ्यांनी नुकताच पाहिलाय, तेव्हा तो तोंडी उल्लेखावर भागवा. फार तर मार्गिकेतला छोटा प्रसंग लावा, ज्यात स्पेड (बोगार्टचा गुप्तहेर) मागे राहून विल्मरचा (म्हणजे कुकचा) कोट खांद्यांवरून खाली ओढतो, त्याचे हात कोटातच अडकवतो आणि दोन्ही पिस्तुलं काढून घेतो. मग एक माहिती द्या, सभागृह चमकेल. चित्रीकरण झालं १९४१ च्या उन्हाळ्यात. कुकचा जन्म २६ डिसेंबर १९०३ चा, बोगार्टचा २५ डिसेंबर १८९९ चा. ज्याला सगळे ‘पोरगा’ म्हणून हिणवतात तो नट सदतीस वर्षांचा, आणि हिणवणारा एक्केचाळीस! पोरपण चेहऱ्यावर नाही, वागण्यात आहे. हात कायम खिशात, मोठ्यांसारखं बोलण्याची धडपड आणि टोमणा बसला की ओठांचं आवळणं. शेवटच्या लांबलचक प्रसंगात तो स्पेडला उठून उभं राहायला सांगतो तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आहे. हातात पिस्तूल आणि डोळ्यांत रागाचं पाणी, हे त्या काळच्या गुंडांत विरळच. ज्यांना तुलना हवी असेल त्यांना १९३१ चा पहिला ‘माल्टीज फाल्कन’ शोधायला सांगा. त्यात विल्मर झालाय ड्वाइट फ्राय. आणि हो, विल्मर ‘फाल्कन’मध्ये मरत नाही. तो खोलीतून सटकतो. तुमच्या फितीत त्याचं मरण असेल तर ते दुसऱ्याच कुठल्या चित्रपटातलं आहे, तपासा.

दुसरा प्रसंग ‘द बिग स्लीप’मधला (१९४६, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स). कुक इथे हॅरी जोन्स आहे, दोनशे डॉलरला माहिती विकायला आलेला किरकोळ माणूस. याचे दोन तुकडे लागतात. पहिला, जोन्स आणि बोगार्टचा खासगी गुप्तहेर मार्लो यांची बोलणी. अॅग्नेस नावाच्या बाईवर जोन्सचा जीव आहे आणि ती तुझ्या आवाक्यातली नाही, असा टोमणा मार्लो मारतो. जोन्स आवाज न चढवता, हे बोलणं बरं नव्हे, एवढंच सांगतो, आणि मार्लोला ते मान्य करावं लागतं. बोगार्टला नमवणारी माणसं त्या चित्रपटात फारशी नाहीत. दुसरा तुकडा, मार्लो अंधाऱ्या शेजारच्या खोलीत उभा राहून ऐकतोय आणि पलीकडे बॉब स्टीलचा कॅनिनो जोन्सकडून अॅग्नेसचा पत्ता काढून घेतोय. जोन्स पत्ता सांगतो, कॅनिनो त्याला विष घातलेली दारू पाजतो. तिथेच थांबलात तर सगळं फुकट गेलं! पुढच्या फोनपर्यंत चालू ठेवा. पत्ता खोटा होता, हे तेव्हा कळतं. मग प्रेक्षकाला पत्ता सांगतानाचा कुकचा आवाज परत आठवतो: घाबरलेला, चटकन हार मानलेला, कॅनिनोला पटावा इतपत. भेकडाचं सोंग करणारा शूर माणूस त्याने दीड मिनिटात उभा केलाय, आणि तोही सोंग उघडं न पाडता. कार्यक्रमातला सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा हाच.

या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत. १९४५ मध्ये परदेशातल्या अमेरिकन सैनिकांना दाखवलेली पहिली, आणि काही प्रसंग नव्याने चित्रित करून १९४६ मध्ये प्रदर्शित झालेली दुसरी. काही डिस्कवर दोन्ही असतात. वेळा लिहून ठेवाल त्या १९४६ च्या आवृत्तीच्या, आणि कार्यक्रमातही तीच लावा. आदल्या रात्री एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरी लावली की नेमकी जागा सापडत नाही आणि अंधारात रिमोट दाबत बसावं लागतं.

तिसरा, ‘फँटम लेडी’ (१९४४, रॉबर्ट सिओडमॅक). कुक नाटकगृहातला ड्रमवादक क्लिफ. एला रेन्सची नायिका चटकचांदणीचं सोंग घेऊन त्याच्याकडून साक्ष काढायला येते आणि तो तिला तळघरातल्या जॅझच्या मैफलीत नेतो. तिथे शिरल्यापासून ड्रमचा कळस संपेपर्यंत दाखवा. जवळजवळ संवाद नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण असलेल्या सभासदांनाही हा पोचतो. हातातल्या काठ्यांकडे लक्ष देऊ नका, चेहऱ्याकडे द्या. ती हसते तसतसा तो वेग वाढवतो, डोळे विस्फारतात, दात दिसतात. संहितेच्या कात्रीतून हा प्रसंग सुटला कसा, याचं आजही आश्चर्य वाटतं. तळघरात काय चाललंय हे कुणालाही कळण्यासारखं आहे. कार्यक्रमाला शाळकरी मुलं येणार असतील तर हा वगळून ‘बॉर्न टू किल’ (१९४७) मधला एखादा संवाद घ्या.

चौथा, ‘द किलिंग’ (१९५६). स्टॅन्ली कुब्रिकचा, घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावरच्या दरोड्याचा. कुक त्यात मैदानावरचा खिडकीमागचा रोखपाल जॉर्ज पीटी. मरी विंडसर त्याची बायको शेरी. जॉर्ज कामावरून घरी येतो तिथून सुरुवात करा. पोटात दुखतंय म्हणून तो सांगतो. ती सोफ्यावर पहुडलेली, त्याच्या दुखण्याचीही टिंगल करते आणि लग्नाच्या वेळी दिलेल्या श्रीमंतीच्या वचनांची आठवण करून देते. बायकोने एकदा आपल्याकडे आदराने बघावं म्हणून हा माणूस दरोड्याचं गुपित थोडं थोडं सांडत जातो. दोन हजार शब्दांत लिहिता येणार नाही असं लग्न त्या एका खोलीत आहे. कुकला या प्रसंगात मोठी वाक्यं नाहीत. वाक्यं तिची, त्याच्या वाट्याला उत्तरं आणि तिच्याकडे वरून खाली, खालून वर बघणं. गुपित फुटलं की थांबा. शेवटचा गोळीबार आणि पिंजऱ्यातल्या पोपटाचं दृश्य सांगूही नका. निम्म्या लोकांनी चित्रपट पाहिलेला नसेल. ते घरी जाऊन बघतील, आणि कार्यक्रमाचं चीज होईल ते तिथे.

आयुष्याबद्दल पाच-सात मिनिटं पुरतात. जन्म सॅन फ्रान्सिस्कोचा, बालपण शिकागोत. लहान वयात रंगभूमीवर. २ ऑक्टोबर १९३३ ला ब्रॉडवेवर यूजीन ओनीलचं ‘आह, विल्डरनेस!’ आलं, त्यात जॉर्ज एम. कोहन बाप आणि कुक त्याचा सोळा-सतरा वर्षांचा, कविता वाचून बिघडलेला मुलगा रिचर्ड. कुक तेव्हा तिशीला टेकला होता. म्हणजे विल्मरचं ‘पोरपण’ काही अपघाताने आलेलं नाही, हा धागा इथे जोडता येतो. १९३६ पासून तो हॉलिवूडमध्ये स्थिरावला. एका वर्षात किती कामं असायची ते दाखवायला १९४१ पुरे: ‘लव्ह क्रेझी’, ‘सार्जंट यॉर्क’, ‘द माल्टीज फाल्कन’, ‘आय वेक अप स्क्रीमिंग’, ‘बॉल ऑफ फायर’. कुठे लिफ्टवाला, कुठे वेटर, कुठे खुनी. चरित्र अभिनेत्याचं काम दिवसांवर किंवा आठवड्यांवर चालायचं. चित्रपट पडला तर खापर त्याच्या डोक्यावर फुटत नसे आणि चालला तर पोस्टरवर नाव मोठं होत नसे. ‘फाल्कन’चा दिग्दर्शक जॉन हस्टनने आत्मचरित्रात लिहिलंय, की कुक सिएरा नेवाडाच्या डोंगरांत राहायचा, ट्राउट मासे पकडायचा आणि काम निघालं की त्याच्या झोपडीवर माणसाकरवी निरोप धाडावा लागे. हा किस्सा लोकांना आवडतो. सांगा, पण त्यावरून तो अबोल संन्यासी होता वगैरे रंगवू नका. एवढी कामं करणारा माणूस निरोप आला की उतरत होता, हे उघड आहे.

पन्नासच्या दशकात स्टुडिओंची उत्पादनं आटली तेव्हा पुष्कळ दुय्यम नट गळाले; कुक टीव्हीकडे वळला आणि टिकला. ‘स्टार ट्रेक’च्या १९६७ मधल्या ‘कोर्ट मार्शल’ या भागातला वकील सॅम्युएल कॉग्ली त्याचाच, संगणकावर विश्वास नसलेला आणि जाडजूड पुस्तकांचे ढीग घेऊन येणारा. ‘रोझमेरीज बेबी’त (१९६८) जोडप्याला फ्लॅट दाखवणारा गृहस्थही तोच. १९७५ मध्ये ‘द ब्लॅक बर्ड’ नावाचं ‘फाल्कन’चं विडंबन आलं, त्यात त्याने पुन्हा विल्मर केला आणि ली पॅट्रिकने पुन्हा एफी, स्पेडची सेक्रेटरी. चित्रपट सुमार आहे, नाव घेण्यापुरताच वापरा. ऐंशीच्या दशकात ‘मॅग्नम, पी. आय.’मध्ये तो अधूनमधून ‘आइस पिक’ म्हणून यायचा. १८ मे १९९५ ला कॅलिफोर्नियातल्या बिग पाइन इथे गेला, ‘फाल्कन’च्या प्रमुख नटांपैकी सर्वांत शेवटी.

माहिती तपासताना दोन गोष्टी सांभाळा. पडद्यावरच्या नामावलीत कधी ‘ज्युनियर’ असतं, कधी नसतं, त्यामुळे दोन्ही प्रकारे शोधा. आणि कुणीही भर घालू शकेल अशा संकेतस्थळांवरच्या याद्यांवरून ‘एकूण इतके चित्रपट’ असा आकडा फलकावर लिहू नका. त्यांत टीव्हीचे भाग आणि नामोल्लेख नसलेली कामं मिसळलेली असतात. चित्रपटांसाठी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटची सूची आणि नाटकांसाठी ब्रॉडवेची सूची जास्त भरवशाची. पुण्याला जाणं होत असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ग्रंथालयात फोन करून जा.

प्रक्षेपणाचं. हे चारही चित्रपट आजच्या रुंद पडद्यासाठी नाहीत. प्रोजेक्टर ‘पूर्ण पडदा’ या सेटिंगवर ठेवलात तर चित्र आडवं ताणलं जाईल आणि कुकचा निमुळता चेहरा पुरीसारखा फुगेल. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘फाल्कन’ची रंगवलेली आवृत्ती हाती लागली तर ती लावू नका, हस्टन स्वतः त्या रंगकामावर भडकला होता. इंग्रजी सबटायटल चालू ठेवा, कारण चाळीसच्या दशकातली गुंडांची बोली भल्याभल्यांना कळत नाही, आणि प्रत्येक तुकड्याआधी कोण कोणाचा कोण, एवढं दोन वाक्यांत मराठीत सांगा. आवाज मात्र ‘शेन’च्या संवादांवर बेतू नका. संवाद हळू आहेत म्हणून बटण वर नेलंत की गोळीला पहिली रांग खुर्चीतून उडेल. गोळी कितपत मोठी वाटते ते रिकाम्या सभागृहात आधी ऐकून खूण करून ठेवा.

क्रम ‘फँटम लेडी’, ‘बिग स्लीप’, ‘शेन’, ‘किलिंग’ असा ठेवा. तो काळाप्रमाणेही आहे आणि बोलक्या चेहऱ्यापासून गप्प चेहऱ्याकडे जाणाराही. डिस्क विकत घेतली म्हणून जाहीर दाखवण्याचा हक्क मिळत नाही. तुमचं मंडळ फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजचं सभासद असेल तर परवानगीचं त्यांना विचारा, नसेल तर कार्यक्रमाआधी निदान महिनाभर हे काम सुरू करा. आणि चर्चा आटोपून दहा मिनिटं उरलीच, तर ‘स्टार ट्रेक’मधलं कॉग्लीचं न्यायालयातलं भाषण लावून द्या. त्यात तो जिंकतो.